साडेनऊ वाजता तुतवार

सकाळी सव्वासातला कुणी कानाशी "साडेनऊ वाजता तुतवार!" असं कुजबुजलं, तर समजावं की आपण पक्षीकाकांच्या तावडीत सापडलो आहोत. हे काका हल्ली प्रत्येक सोसायटीत असतात. अंगात मातकट जाकीट, त्याला खिसेच खिसे, आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे तीनला तुमच्या दाराची बेल.

त्यांचं घड्याळ वेगळं. त्यांच्या नाकासमोर बारा, उजव्या कानाला तीन, डाव्याला नऊ. बोट दाखवलं की पक्षी उडतात, म्हणून ही युक्ती. पण काकांचं नाक एका जागी ठरत नाही. ते वळले की वेळ बदलते, आणि आपण मुकाट्याने मोकळी वाळू बघत "वा! सुंदर!" म्हणतो.

हा प्रकार किनाऱ्यापुरता असता तरी चाललं असतं. अलिबागच्या हॉटेलात त्यांनी पोऱ्याला हुकूम सोडला, "दोन वाजता एक मिसळ!" पोऱ्या म्हणाला, "दोनपर्यंत राहत नाही, साहेब." काकू सांगतात, घरात मिठाची बरणीसुद्धा चार वाजता असते.

त्या दिवशी एकादशी होती. अर्थात ती फक्त भरतीपुरती. मिसळीशी तिचा संबंध नव्हता. एकादशीला भरती सकाळीच येते आणि चिखलात विखुरलेले पक्षी वर कोरड्या वाळूकडे सरकतात, म्हणून काकांनी आक्षीच्या किनाऱ्याचा मुहूर्त काढलेला. महिना एप्रिल. हिवाळाभर मळकट दिसणारे पाहुणे परतण्याआधी कपडे बदलतात. चिखल्यांच्या छातीवर तांबूस पट्टा येतो. बाकदार चोचीचा तुतवार तर विटेसारखा लाल होतो. चिखल्याला गाठायचा असतो हिमालयापलीकडचा उंच मुलूख, तुतवाराला थेट सायबेरियाचं उत्तर टोक. काकांचा लाडका मात्र पाणटिवळा. 2007 साली त्यातली एक मादी अलास्काहून न्यूझीलंडला कुठेही न उतरता आठ दिवसांत गेली, साडेअकरा हजार किलोमीटरांहून जास्त. निघण्यापूर्वी हे पक्षी अंगात चरबी साठवतात आणि त्यांची आतडी आकसतात, हे काकांनी मला दुसऱ्या मिसळीवर तर्री ओतून घेताना समजावलं होतं.

आठच्या सुमारास एक जीप किनाऱ्यावरून सुसाट आली. आत पर्यटक पोरं, गाणी दणाणत होती. थवा उठला, समुद्रावर एक फेरी मारून पुन्हा टेकला. जीप वळली. पुन्हा उठला. पोरांना ते फारच आवडलं होतं.

आणि काका धावले. गुडघे दुखतात म्हणून लिफ्टशिवाय पाऊल न टाकणारा हा माणूस जीपसमोर आडवा उभा राहिला. घड्याळ विसरून, सरळ हात लांब करून ओरडला, "ते बघ! तिथे! महिनाभर खाऊन साठवलेलं तू दोन मिनिटांत उधळतोयस त्यांचं! सायबेरियाला काय तू सोडणार आहेस?" आवाज फाटला होता. त्या बोटाच्या रोखाने मला पहिल्यांदाच तुतवार दिसला. खरोखर विटेसारखा लाल.

ड्रायव्हर पोरगा ओशाळला. त्याने गाणी बंद केली, घाईने गाडी मागे घेतली आणि ओल्या वाळूत मागची दोन्ही चाकं रुतवली. पाणी चढत होतं. ढकलायला अर्थातच आम्ही. काका सावरले होते. "जोर सात वाजता लावा! आता पाच वाजता!" पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली, पण गाडी निघाली.

मग काकांनी त्याच पोरांना दुर्बिणीला डोळा लावायला रांगेत उभं केलं. ड्रायव्हर बराच वेळ डोळा काढेना.

"परत कधी येणार हे?"

"ऑगस्टच्या शेवटी."

त्याने मान हलवली, घड्याळ पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "किती वाजता?"