काखेत कळसा, मुंबईला वळसा

जर्मनीतल्या कामगारटंचाईचं खापर सध्या 1964 सालावर फुटतंय. त्या वर्षी पूर्व-पश्चिम जर्मनीत मिळून साडेतेरा लाखांवर मुलं जन्मली. युद्धानंतरचा तो उच्चांक, पुन्हा कधी गाठला गेला नाही. 2024 मध्ये पुरती सात लाखही जन्मली नाहीत. चौसष्टची ती पिढी आता साठी ओलांडून पेन्शनीकडे निघालीय. लेथवरचे, वॉर्डातले, बॉयलरपाशी उभे असलेले जाणते हात घरी चाललेत आणि मागे रांग नाही. बिचाऱ्यांचा गुन्हा एवढाच की ते सगळे एकदम जन्मले आणि एकदम म्हातारे झाले. ही बातमी सरकारला जन्मनोंदणीच्या वहीत साठ वर्षं आधी मिळाली होती. वही उघडायचं तेवढं राहून गेलं.

चौसष्ट सालची दुसरी एक गोष्ट मात्र जर्मन लोक आवडीने सांगतात. 10 सप्टेंबरला कोलोनच्या डॉइट्झ स्टेशनात पोर्तुगालहून आलेला एक सुतार गाडीतून उतरला. हा दहा लाखावा ‘पाहुणा कामगार’. बँड वाजला, फुलं मिळाली, उद्योगपतींच्या संघटनेने त्याला त्सुंडाप कंपनीची मोपेड भेट दिली. फोटो सगळ्या पेपरांत छापून आला. पुढे हा माणूस आजारी पडून गावी परतला आणि औषधपाण्यात साठवलेली पुंजी घालवून 1979 मध्ये वारला. जर्मन आजारविम्याचे पैसे आपल्याला मिळू शकतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मोपेड मात्र बॉनच्या इतिहास संग्रहालयात व्यवस्थित आहे.

पाहुणा म्हटलं की त्याने वेळेत निघायला हवं. 1961 मध्ये तुर्कस्तानशी करार झाला तेव्हा अटच होती: दोन वर्षं काम करा आणि परत जा. ही अट काढून टाका म्हणून कारखानदारच ओरडू लागले. कामाला सरावलेला गडी घालवायचा आणि पुन्हा नव्याला पहिल्यापासून शिकवायचं, हे परवडेना. चौसष्ट सालीच ती अट गेली. म्हणजे माणूस शिकवायला खर्च येतो हे जर्मन मालकांना तेव्हाही ठाऊक होतं. त्यावर त्यांनी उपाय शोधला तो माणूस टिकवण्याचा. त्याला आणखी शिकवण्याचा नाही. असेंब्ली लाइनवर चार नट आवळण्यापुरतं शिक्षण त्यांना पुरेसं वाटलं. 1973 मध्ये भरती बंद झाली, लोक राहिले, बायकामुलं आली, आणि ती मुलं जर्मन शाळेत गेली. तिथे बहुतेक प्रांतांत चौथीनंतरच वाटा फुटतात. ज्याच्या घरी जर्मन बोलत नाहीत तो खालच्या वाटेला. दहा वर्षांच्या पोराची पत्रिका मांडायचं काम आपल्याकडे जोशीबुवा करतात. तिकडे त्यासाठी रीतसर खातं आहे.

मग आलं 2000 साल. संगणकवाले हवे होते म्हणून चान्सलर श्र्योडर यांनी ‘ग्रीन कार्ड’ काढलं, वीस हजारांचा कोटा ठेवला. तोही पुरता भरला नाही. त्याच सुमारास नॉर्थ राइन-वेस्टफालिया प्रांताच्या निवडणुकीत युर्गेन र्‍युटगर्स नावाच्या नेत्याच्या प्रचारातून एक घोषणा गाजली: ‘किंडर श्टाट इंडर’. म्हणजे इंडियन आणण्यापेक्षा आपल्या मुलांकडे बघा. गृहस्थ आधी देशाचे शिक्षणमंत्री होते. मुलांकडे बघायला त्यांना पूर्ण चार वर्षं मिळाली होती, पण आठवण झाली विरोधी बाकावर बसल्यावर. निवडणूक ते हरले. घोषणा निर्लज्ज होती यात वाद नाही. गंमत अशी की तिचा मुलांबद्दलचा भाग बरोबर होता, आणि त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत जर्मनीने इंडियनही मागितले आणि मुलांकडेही नीट पाहिलं नाही.

पाहिलं असतं तर आजचे आकडे असे नसते. वीस ते चौतीस वयाचे 28 लाखांहून अधिक तरुण जर्मनीत असे आहेत की ज्यांच्याकडे कुठल्याही व्यवसायाचं प्रमाणपत्र नाही. त्यांत स्थलांतरितांच्या घरच्या मुलांचं प्रमाण जास्त. 2023 मध्ये शिकाऊ उमेदवारांच्या 73 हजारांवर जागा रिकाम्या राहिल्या आणि त्याच वेळी 63 हजारांवर मुलं जागा शोधत दारात उभी होती. एकीकडे पोळ्या वाया, दुसरीकडे पंगत उपाशी. जागा एका गावात नि मुलगा दुसऱ्या गावात, मुलाला मोटार मेकॅनिक व्हायचंय नि जागा खाटकाकडे, ही कारणं खरी आहेत. पण 2014 च्या एका अभ्यासात आणखी एक कारण हाती लागलं. सारख्याच गुणांचे अर्ज पाठवले, तेव्हा मुलाखतीचं बोलावणं यायला जर्मन नावाच्या मुलाला सरासरी पाच अर्ज लागले, तुर्की नावाच्या मुलाला सात. टंचाईतही नाव वाचून घेण्याइतकी चैन परवडते म्हणायची.

शिक्षण वाईट असतं तर गोष्ट वेगळी होती. जर्मन शिकाऊ उमेदवारी हा जगाने हेवा करावा असा प्रकार आहे. तीन-साडेतीन वर्षं, आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात, उरलेले व्यवसाय शाळेत. सव्वातीनशेच्या आसपास मान्य व्यवसाय, पहिल्या महिन्यापासून पगार, शेवटी उद्योजक-कारागिरांच्या संघटनेची, म्हणजे चेंबरची, परीक्षा. परीक्षा घेणारा तुमचा मालक नव्हे आणि तुमचा मास्तरही नव्हे, हे त्यातलं खरं मर्म. म्हणून तिथल्या प्लंबरच्या कागदाला वजन आहे. इतका उत्तम आड खणून ठेवला, आणि घरच्या पोरांच्या हाती पोहराच दिला नाही.

त्यापेक्षा मुंबईला येणं सोपं पडतं. फेब्रुवारी 2024 मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांताने महाराष्ट्राशी करार केला: पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल तरुण द्या. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, स्वयंपाकी, काय असेल ते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चान्सलर शोल्झ दिल्लीत आले तेव्हा भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची मर्यादा वर्षाला वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे कौशल्य विकासाचं स्वतंत्र खातं असताना या करारात पुढाकार घेतला शालेय शिक्षण खात्याने. मुलांना जर्मन शिकवायचं म्हणजे ती शाळाच की!

पण जर्मनांची एक गोष्ट मान्य करायला हवी. चुकीची दुरुस्ती ते उशिरा करतात, पण करतात तेव्हा पक्की करतात. जानेवारी 2025 पासून तिथे एक कायदा लागू झालाय. पंचवीस वर्षांवरचा, हातात कागद नसलेला पण वर्षानुवर्षं तेच काम करणारा माणूस चेंबरकडे जाऊ शकतो. त्या व्यवसायाच्या शिक्षणाला जितकी वर्षं लागतात त्याच्या दीडपट अनुभव दाखवायचा. मग चेंबर त्याला काम करायला लावून तपासतं आणि लेखी देतं: याला एवढं येतं. वर्गात बसवणं नाही, वयाची लाज नाही. मोपेडवाल्या सुताराच्या पिढीला हे मिळालं असतं तर तिच्या नातवंडांसाठी आज आकडेवारीचा वेगळा रकाना करावा लागला नसता. या कायद्याला कुणी बँड लावला नाही. माझ्या मते सगळ्या करारांपेक्षा त्याची किंमत जास्त.

आपल्याकडेही अनुभवाला प्रमाणपत्र द्यायची योजना आहे. वीस वर्षं वायरिंग केलेल्या माणसाला काही तासांचं मार्गदर्शन करायचं, छोटीशी परीक्षा घ्यायची, कागद द्यायचा, गटाचा फोटो काढायचा. जर्मन चेंबर कारागिराचा हात बघतं, आम्ही कॅमेऱ्याकडे बघतो. कॅगने केंद्राच्या कौशल्य योजनेची नोंदवही चाळली तेव्हा बहुसंख्य प्रशिक्षणार्थींच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्य, कोरी जागा किंवा ‘लागू नाही’ असं निघालं. राज्याची 2024 ची कार्यप्रशिक्षण योजना, लोकांच्या तोंडी ‘लाडका भाऊ’, घ्या. बारावीवाल्याला महिना सहा हजार, आयटीआयवाल्याला आठ, पदवीधराला दहा. मुदत सहा महिने; मग ओरड झाली म्हणून आणखी पाच. साडेतीन वर्षांत जर्मन माणूस जेवढं शिकतो तेवढं आमचा भाऊ अकरा महिन्यांत शिकतो, तेही बरेचदा सरकारी कचेरीत फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेत. लाडका असल्यावर वेग येतोच.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा आपल्याकडे 1961 पासून आहे, तुर्कस्तानच्या कराराइतकाच जुना. तीस किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेत असा नियम आहे. अनेक कारखाने तो अगदी मनापासून पाळतात. शिकाऊ घेतात, पहिल्याच आठवड्यात लाइनवर उभा करतात, मुदत संपली की दुसरा घेतात. 1961 च्या जर्मन मालकांना जे परवडलं नव्हतं ते आम्हाला छान परवडतं, कारण शिकवण्याचा खर्चच आम्ही काढून टाकलाय.

इथे जमत नाही म्हणावं तर चाकणला फोक्सवॅगनने जर्मन धर्तीची उमेदवारी चालवून दाखवली आहे. मेकॅट्रॉनिक्स, साडेतीन वर्षं, दहावी-बारावी झालेली मराठी पोरं. तुकडी लहान असते, पण शिकवण्यात सूट नाही. तेव्हा पुढच्या करारात एक कलम मागून बघायला हरकत नाही. दहा हजार हवेत ना? न्या. पण त्यांतल्या निम्म्यांना चाकण, सातपूर, वाळूजमध्ये तुमच्या पद्धतीने, तुमच्या खर्चाने पूर्ण शिकवा. मग ज्याला जर्मनीला जायचंय तो जाईल, ज्याला राहायचंय तो इथल्या कारखान्यात राहील. पूर्ण खर्च देणार नाहीत म्हणाले तर निम्मा मागावा. अगदीच नाही म्हणाले तर निदान परीक्षा घ्यायला त्यांचं चेंबर पाठवा म्हणावं, म्हणजे आमच्या कागदावर आमचीच सही राहणार नाही. शिष्टमंडळात ही मागणी करण्याची जबाबदारी कुणावर सोपवायची हा प्रश्न उरतो. फोटोत पहिल्या रांगेत जो उभा असेल त्याच्यावर सोपवावी.