सहाचा संघ, खारीचा वाटा

पोकेमॉनच्या स्पर्धेत संघ सहाचा आणि प्रकार अठरा. छप्पर कुठेतरी गळणारच. तरी जो तो ‘समतोल’ संघ बांधायला बसतो. आगीला पाणी, पाण्याला गवत, गवताला पुन्हा आग. मग प्रत्येक पोकेमॉनच्या ५१० गुणांची वाटणी इतकी काटेकोर, की भाऊबंदकीत बांधही एवढा मोजत नसतील! एवढं करून निघते ती शेजाऱ्याच्या संघाची झेरॉक्स. २०१४ साली जो तो कांगासखान नावाचा पोकेमॉन घेऊन हिंडत होता. त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत कोरियाच्या सेजुन पार्कने मात्र पाचिरिसू नावाची चिमुकली खार उतरवली. काम एकच: शत्रूचे वार स्वतःवर ओढून घ्यायचे. पार्क जगज्जेता झाला. खारीचा वाटा म्हणतात तो हाच. फक्त हिने वाळू वाहण्याऐवजी मार खाल्ला. तिची गुणवाटणी लगोलग उतरवून घेणारेही अर्थात समतोलवादीच.