थर्मलभाऊ

सावलीत मूल-गडचिरोली रस्त्यावर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मची जी दुकानं आहेत, त्यांपैकी एखाद्या बाकावर थर्मलभाऊ हमखास सापडतो. तो मालक नसतो, गिऱ्हाईक तर नसतोच. कुणी नागपूरहून सुटे भाग आणून कम्प्युटर जोडतोय, एवढं कानावर आलं की तो न बोलावता पेचकस घेऊन हजर. घरी जोडलेला कम्प्युटर हाच त्याच्या मते खरा ग्रामोद्योग. भाग तैवान-चीनचे असेनात, पेचकस सावलीचा आहे! १९३६ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन याच गावात भरलं, गांधीजी स्वतः आले होते. आहे त्यात भागवा, असं काही त्यांनी सांगितलं असेल तर ते भाऊच्या आजोबांपर्यंत येऊन थांबलं.

कारण आहे त्यात भागवणं भाऊला जमत नाही. रायझन ५ ५६०० च्या खोक्यात एएमडी स्वतःचा कूलर देते. बसका, अ‍ॅल्युमिनियमचा, वर पंखा, खाली थर्मल पेस्टही लावलेली. भाऊ तो दोन बोटांत धरतो आणि दुकानदार काकांकडे असं पाहतो, जणू मुलीकडच्यांनी अंगठी खोटी दिली.

“काका, हा चालते का? हे खेळनं आहे गा!”

“खोक्यातच आला ना बाप्पा. कंपनीले का समजत नाही?”

“कंपनीनं मे महिन्यात सावली पाहिली का?”

आता कबूल करायला हवं, इथे भाऊ बरोबर असतो. हवेचा कूलर कितीही महाग घ्या, तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. समजा पूर्ण ताणात सोबतचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा पन्नास अंश वर ठेवतो. बंगळुरात २५ अंशांच्या खोलीत बसून कूलर तपासणाऱ्याला पडद्यावर ७५ दिसतात आणि तो ‘उत्तम’ म्हणून मोकळा होतो. आमच्याकडे पत्र्याखालच्या खोलीत ४२ असतात, बेरीज ९२. या प्रोसेसरची मर्यादा ९०. तो जळत नाही, शहाणा असतो, स्वतःच वेग उतरवतो.

बेरीज बिनचूक आहे. फक्त ‘पूर्ण ताणात’ हे दोन शब्द भाऊ पटकन उरकतो. काकांच्या दुकानात ताण कसला? सातबारा, शिष्यवृत्ती, धान विक्रीची नोंदणी. साइटवरचं चक्र गोल गोल फिरत राहतं, रांगेतल्या माणसांचं डोकं तापतं आणि त्या सगळ्या गर्दीत थंड असतो तो एकटा प्रोसेसर.

तरीही दोन हजारांच्या आसपासचा नवा कूलर येतोच. चार तांब्याच्या नळ्या, १२० मिलिमीटरचा पंखा, उंची दीडशे मिलिमीटर. जुना काढताना भाऊचा रुबाब बघावा. या जातीच्या प्रोसेसरला पिना खालून असतात. पेस्ट घट्ट झालेली असताना कूलर सरळ ओढला तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून वर येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी मशीन तापवायचं, मग कूलर हलकेच पिळून सोडवायचा. तापवण्याचं काम मे महिन्यात चंद्रपूर जिल्हा फुकट करून देतो.

नवा कूलर दिमाखात बसतो आणि कॅबिनेटचं झाकण बसत नाही. काकांचं कॅबिनेट जुनं, अरुंद. “उघडंच राहू द्या, हवा खेळते,” असा निकाल भाऊ देतो. हवा खेळते खरी. मागच्या राइस मिलमधून कोंड्याची धूळ घेऊन खेळते. दिवाळीनंतर धान निघालं की महिन्याभरात पंख्यामागच्या पात्यांवर गोधडी चढते, आणि फुकटच्या कूलरवर कधी दिसले नाहीत ते आकडे पडद्यावर दिसू लागतात. थर्मलभाऊ बिचकत नाही. तो पुन्हा पेस्ट लावतो. वाटाण्याएवढा थेंब की फुलीसारखी रेघ, यावर त्याचं आणि व्याहाडच्या दुसऱ्या एका थर्मलभाऊचं बोलणं बंद आहे.

यात काकूंचं मत कुणी विचारत नाही. दुपारी त्या खोलीच्या खिडकीला वाळ्याचा मोठा कूलर लावतात. कोरड्या मे महिन्यात ओल्या वाळ्यातून आलेल्या वाऱ्याने खोली दहाएक अंशांनी सहज उतरते आणि जेवढी खोली उतरते, साधारण तेवढाच प्रोसेसरही. दोन हजारांच्या मनोऱ्याला हे साधतंच असं नाही. भाऊ मात्र या उताराचं श्रेय पेस्टला देतो. जुलैत दमट हवेत वाळा हात टेकतो, तेव्हा दोष पेस्टच्या कंपनीला.

यंदा त्याने पुढचा उपाय काढला आहे.

“काका, आता पान्याचा कूलर लावू. लिक्विड कूलिंग. एकदम थंड राहते.”

काकांनी फॉर्मवरची नजर न उचलता विचारलं, “पानी? आमी हंडे घेऊन बोरिंगवर उभे राहतो उन्हाळ्यात. तुझ्या डब्ब्याचा नंबर कोन लावन गा?”