टिचकी सर

नागपुरात मंगळवारी बाजाराच्या अंगाला, सदरमधल्या इंग्रजी नावांच्या शाळांच्या गर्दीत, आमची मराठी शाळा जरा अंग चोरून उभी आहे. तिथे विज्ञान-भूगोल शिकवणाऱ्या एका सरांना मुलं टिचकी सर म्हणतात. 'पुढे जाण्यासाठी येथे टिचकी मारा' हे वाक्य त्यांच्या प्रत्येक उपक्रमावर असतं, म्हणून. सरांना हे नाव ठाऊक आहे आणि आवडतंही.

सरांना धडा नुसता शिकवता येत नाही. इतरांच्या वर्गात बेडूक दोन ओळींत अंड्यातून निघून मोठा होतो. सरांच्या वर्गात तो पडद्यावर सुटा पडलेला असतो. मुलांनी त्याच्या अवस्था माऊसने ओढून क्रमाने लावायच्या. जमलं तर टाळ्या वाजतात. चुकलं तर तयार प्रोग्रामात जो टँव्व असा आवाज येतो, तो मात्र सरांना सोसत नाही. "लेकराच्या अंगावर मशीननं असं खेकसायचं काय काम?" म्हणून त्यांनी स्वतःच्या आवाजात 'असू दे बेटा, पुन्हा एकदा पाहून घे' असं भरून ठेवलंय. सर स्टाफरूममध्ये उपक्रम तपासायला बसले की हा दिलासा आम्हा सगळ्यांनाच मिळत राहतो. परवा पगारपत्रकाची बेरीज तिसऱ्यांदा चुकलेले क्लार्क त्यामुळे उगाच गहिवरले.

शाळा सुटल्यावर कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खाताना सर हमखास स्किनरवर येतात. हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला होता. मुलं उदाहरणं सोडवताहेत, पण उत्तर बरोबर की चूक हे त्यांना तिथल्या तिथे कळतच नाही, हे पाहून त्याने ताबडतोब उत्तर तपासणारं यंत्र बनवलं. "तेव्हा ना कॉम्प्युटर, ना नेट. पेटीच होती जी ती, पेटी!" असं म्हणताना सरांच्या चमच्यातली तर्री माझ्या बाहीवर येते. स्किनरने आधी कबुतरं शिकवली होती, हे मी एकदाच बोलून दाखवलं. त्या दिवशीच्या पोह्यांचे पैसे मला द्यावे लागले.

डिसेंबर २०२० हा महिना सरांनी फार मनाला लावून घेतलाय. त्याच्या सुरुवातीलाच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणणारे हेच ते गुरुजी. बक्षिसाचे दहा लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकले. सर अख्ख्या सदरमध्ये असे फिरत होते, जणू त्या उरलेल्या निम्म्यात त्यांचाही वाटा आहे. आणि महिनाअखेरीस, ३१ तारखेला, फ्लॅश गेलं. सरांचे निम्मे उपक्रम फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये होते. कंपनीने त्या दिवशी हात वर केले आणि १२ जानेवारीपासून त्यातलं काहीही उघडेना. गेल्याचा दिवस धरून मोजलं तर नेमकी तेरवी. सरांनी खरोखरच त्या दिवशी दाढी केली नव्हती.

मग सर नॉर्वेच्या आश्रयाला गेले. उपक्रम बनवायच्या साधनांपैकी कहूट नॉर्वेचं, एचफाइव्हपीही नॉर्वेचंच. "तिकडे हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही म्हणतात," सरांनी कारण शोधून काढलं, "घरात बसून दुसरं करतील काय?" सर स्वतः हे काम उन्हाळ्यात करतात. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, थेट जूनच्या शेवटाला उघडतात. तोवर सर पंचेचाळीस अंशांत कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसलेले. कूलरचे तुषार की-बोर्डवर उडतात म्हणून वहिनींनी लॅपटॉपला पोळ्यांच्या डब्यातलं फडकं दिलंय. पोळ्यांना सध्या वर्तमानपत्र असतं.

या सगळ्या खटाटोपातून तयार झालेला उपक्रम वर्गात चार मिनिटांत संपतो. माऊस एक, मुलं साठ. त्यामुळे खरी चुरस माऊस कुणाच्या हाती येतो याची. त्यावर सरांनी प्लिकर्सची कार्डं छापून आणली. प्रत्येक पोराच्या हातात काळ्या-पांढऱ्या चौकटींचं एक कार्ड. ते ज्या बाजूने वर धराल ते तुमचं उत्तर, आणि सर मोबाइल फिरवून साऱ्या वर्गाची उत्तरं टिपतात. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी, अक्षरं बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं पाहून काही उपयोग नाही. सर खूश. दुसऱ्याच आठवड्यात पहिल्या बाकावरच्या हुशार पोराला खोकला झाला. उत्तर 'अ' असेल तर एकदा, 'ब' असेल तर दोनदा. 'ड' उत्तर असलेला प्रश्न आला की वर्गशिक्षिका काळजीने पाणी घेऊन धावायच्या.

आणि मराठीचा तर सरांना वेगळाच जाच. 'पवनचक्की ____ फिरते' या रिकाम्या जागेत सातवीतल्या एका मुलीने मोबाइलवरून 'वाऱ्याने' लिहिलं. असू दे बेटा. तिने पुन्हा लिहिलं. असू दे बेटा. चौथ्या खेपेला तिने वैतागून 'हवेने' लिहिलं, पाचव्याला 'लाइटीने'. सर रात्रभर जागून त्याच्या मुळाशी गेले. तो अर्धा र संगणकात दोन तऱ्हेने लिहिता येतो. सरांच्या जुन्या की-बोर्डाने साध्या र मध्ये एक अदृश्य चिन्ह घालून तो साधला होता आणि पोरीच्या मोबाइलने खाली टिंब असलेल्या निराळ्या र पासून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, संगणकाच्या लेखी दोन भलतेच शब्द. सरांनी दुसऱ्या दिवशी भर वर्गात त्या मुलीची माफी मागितली. मग त्या अदृश्य चिन्हावर तासभर बोलले. तेव्हा वर्गाने माफी मागायची तेवढी बाकी ठेवली.

पण यंदाचा कळस म्हणजे 'नदी की नाला?' पडद्यावर खाली दोन टोपल्या, वर नावं तरंगताहेत. वैनगंगा, कन्हान, वर्धा ही सगळी बिनबोभाट नदीच्या टोपलीत गेली. नाग हे नाव एका पोराने सरळ उचलून नाल्यात टाकलं. असू दे बेटा. त्याने पुन्हा नाल्यातच टाकलं.

"अबे, या नदीवरून आपल्या शहराचं नाव आहे," सर म्हणाले.

"सर, तुम्ही तिथून रुमाल न लावता जाता का?"

दुसरा कुणी असता तर पोराला बाकावर उभं केलं असतं. टिचकी सर विचारात पडले. पोराचा मुद्दा खरा आणि पुस्तकही खोटं नाही. त्यांनी रात्री तिसरी टोपली काढली, 'होती नदी, झाला नाला', आणि नागचं बरोबर उत्तर तिथे हलवलं. मुख्याध्यापकांना सांगायचं राहून गेलं.

आठवडाभराने तपासणीला साहेब आले. मुख्याध्यापकांनी अभिमानाने डिजिटल वर्ग दाखवला आणि साहेबांच्या हाती माऊस दिला. साहेबांनी चष्मा नाकावर ओढला, नाग उचलली आणि ऐटीत नदीच्या टोपलीत सोडली.

"असू दे बेटा, पुन्हा एकदा पाहून घे," टिचकी सर स्पीकरमधून म्हणाले.

वर्ग गपगार. मुख्याध्यापकांचा हात आपोआप प्लगकडे गेला. साहेबांनी भिंतीशी उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा नदीतच टाकली. पुन्हा दिलासा. तेवढ्यात पहिल्या बाकावरून सलग तीनदा खोकला ऐकू आला आणि साहेबांचा माऊस हळूच तिसऱ्या टोपलीकडे सरकला.