चमनकाकांचं ऑडिट

बरकतपुऱ्यात चमन म्हटलं की ऑटोवाला चौकातल्या गोल बागेपाशी आणून सोडतो. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन कुणी चमन विचारला, तर क्रिकेट खेळणारी पोरं उलट विचारतात, "कौन सा? नीचे का, ऊपर का?" ऊपर का चमन म्हणजे आमच्या बिल्डिंगची गच्ची. तिथले मालक, माळी, पहारेकरी आणि गाइड एकटे चमनकाका.

काकांचे वडील नांदेडहून इथे आले, तेव्हा नांदेड आणि हैदराबाद एकाच राज्यात होती. १९५६ साली राज्याची वाटणी झाली, नांदेड तिकडे गेलं, वडील इकडेच राहिले. बंगला बांधला. पुढे जाम, मागे सीताफळ, विहिरीपाशी करेपाक. मग बरकतपुऱ्यातल्या इतर बंगल्यांचं झालं तेच त्याचंही झालं. बिल्डर आला तेव्हा भावंडांनी आपापले चौरस फूट मोजून घेतले. काकांनी नकाशा उलटा धरून एकच प्रश्न विचारला, "गच्चीवर ऊन किती वाजेपर्यंत?"

नोकरी सगळी सैफाबादच्या एजी ऑफिसात गेली. दुसऱ्याच्या हिशेबातली खोट शोधायची, लाल शाईने आक्षेप नोंदवायचा, खुलासा मागवायचा, हे काम त्यांनी इतक्या निष्ठेने केलं की निवृत्तीनंतरही हात थांबेना. पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघर तपासायला घेतलं. काकूंनी फोडणीच्या डब्यासकट त्यांना बाहेर काढलं. राहता राहिली झाडं. झाडांना उलट बोलता येत नाही.

तेव्हापासून प्रत्येक कुंडीला क्रमांक आहे आणि प्रत्येक क्रमांकाला रजिस्टरात पान. रंगाच्या बादल्या, थर्माकोलचे खोके, मोडक्या वॉशिंग मशीनचा टब, सगळ्यांत काही ना काही उगवलेलं. पानावर आरंभीची शिल्लक, खर्ची पडलेलं शेणखत, निंबोळी पेंड, फुलं आली किती, टिकली किती. मिरचीच्या पानावर मी स्वतः वाचलंय: 'फुले २३, फळे ९. उर्वरित १४ बाबत समाधानकारक खुलासा नाही.'

इकडचे लोक गच्चीवरच्या बागेला मिद्दे तोटा म्हणतात. तुम्मेटी रघोत्तम रेड्डी नावाच्या तेलुगू कथालेखकांनी हे वेड शहरभर पसरवलं. गच्चीवर पिकवा आणि तेच घरी खा, असा त्यांचा साधा मंत्र. काकांना रेड्डींबद्दल आदर आहे, पण मंत्राचा उत्तरार्ध त्यांना मंजूर नाही. "खायचंच असेल तर रयतु बाजार आहे ना!" ते म्हणतात. आणि काकू खरंच पिशवी घेऊन बाजारात जातात. डोक्यावर गच्चीभर अंबाडी डोलत असते आणि ही बाई बंडीवाल्याशी गोंगुऱ्याच्या, म्हणजे त्याच अंबाडीच्या, जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करत असते.

काकांचा खरा हंगाम सुरू होतो तो फेब्रुवारीत नुमाइशचं प्रदर्शन उठलं की. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, असं तेलुगू माणसं सांगतात. ती गेली की होळीपर्यंत हैदराबादला जो काही वसंत मिळायचा तो मिळतो. पुढे ऊन असं तापतं की गच्चीवर चप्पल विसरलेला माणूस नाचतच खाली येतो. म्हणजे हातात जेमतेम पंधरवडा. मोगऱ्याला कळ्या, टोमॅटोला लाली, शेवग्याला तुरे, सगळं एकदम. मार्चअखेरीला कचेरीत बिलं यायची तसंच, हे काकांचंच म्हणणं.

या दिवसांत त्यांच्याकडे पाहुण्याला आधी गच्ची, मग चहा. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या पोऱ्यालाही मी झारी धरून उभं पाहिलंय. एकेका झाडाची ओळख करून देतात ती नातेवाइकाची द्यावी तशी. "ही वांगी. परभणीचं बी. स्वभावाने तापट, काटे बघा." वांगं चांगलं वीतभर झालेलं. आपण म्हणावं, वा, भरताला छान! की काका असे बघतात, जणू आपण त्यांच्या भाचीबद्दल काही वावगं बोललो.

लाल भोपळ्याचं प्रकरण वेगळंच. त्याच्या वेलाला आधी येतात ती सगळी नर फुलं. मादी फुलं मागून, मोजकी, देठापाशी चिमुकला भोपळा घेऊनच. चौथ्या मजल्यावर मधमाश्या नीट पोचत नाहीत आणि फूल पहाटे उमलून दहाच्या आत मिटतं. म्हणून काका साडेपाचला मफलर गुंडाळून, नातवाच्या रंगपेटीतला ब्रश घेऊन वर. नर फुलातला पराग मादी फुलाला लावायचा, की झालं. पण काकांना ते इतक्यात उरकायचं नसतं. आधी नर फुलांची पाहणी. "चाळीस जण हजर, कामाचा एक नाही. अगदी आमचं सेक्शन!" मग त्यातल्या त्यात बरं स्थळ निवडून कार्य पार पाडायचं आणि खाली येऊन काकूंना उठवून सांगायचं, "जमलं." काकू कूस बदलतात.

पाण्यातही त्यांना चव कळते, असा त्यांचा दावा आहे. शहराला मंजीराचं पाणी १९६५ पासून, कृष्णेचं २००४ पासून, गोदावरीचं २०१५ पासून. त्यातलं आपल्या नळाला कुठलं, हे नेमकं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. काका मात्र ओंजळभर तोंडात घोळवून निकाल देतात. गोदावरीचं ठरलं तर ते पाणी तुळशीला. "नांदेडवरून आलंय. घरचं आहे." उरलेल्या दोन नद्या दोडक्यावर.

आणि मग तो आंबा. निळ्या पिंपात लावलेला, माझ्या खांद्याइतका. जात मंजीरा. संगारेड्डीच्या फळ संशोधन केंद्राने रुमानी आणि नीलम यांच्या संकरातून काढलेली, मुळातच बुटकी. मोहर आला की काका खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसतात. मोहरातली बहुतेक फुलं नरच असतात, आणि उरलेल्यांतूनही शेकड्याला एक आंबा शेवटपर्यंत टिकला तरी पुष्कळ. एवढी गळती काकांच्या उभ्या नोकरीत कुठल्याच खात्यात सापडली नव्हती. तुडतुड्यांवर निंबोळी तेल, भुरीवर गंधक, वाऱ्यावर जुनं लुगडं आडवं. एवढं करून यंदा पाच कैऱ्या धरल्या. पाचांच्या देठाला पाच रंगांचे दोरे.

खालच्या तेलुगू आंटींना उगादीच्या पच्चडीसाठी कैरी लागते. त्याच दिवशी आपला पाडवा. सकाळी काका गच्चीवर गुढी बांधत होते, तेवढ्यात आंटी वाटी घेऊन आल्या. नवा गूळ आहे, नवी चिंच आहे, मिरची, मीठ आहे, "अंकुल, एक कैरी मिलती क्या?" काकांनी पाच दोऱ्यांकडे पाहिलं. मग मोठ्या उदारपणे म्हणाले, "कडुनिंबाची फुलं न्या ना! लागतील तेवढी!" कडुनिंब रस्त्यावरचा, महानगरपालिकेचा. तो काकांनी इतका काठीने झोडपला की वॉचमनला दोनदा झाडावं लागलं. आंटी वाटीभर फुलं घेऊन गेल्या आणि पच्चडीत कैरी पडली ती बाजारची.

पुढच्या आठवड्यात काकूंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. मी जरा लवकर गेले होते, हाताखाली. ओले हरभरे, पन्हं, आणि आंब्याची डाळ. डाळ वाटून तयार होती. कैरी किसताना काकूंनी दार लोटून घेतलं. किसणीशेजारी हिरवा दोरा पडला होता, तो त्यांनी पदराआड केला. मी विचारलं नाही. आमच्या मराठी बायकांत काही गोष्टी विचारायच्या नसतात.

बायका गेल्यावर काकांनी वाटीभर डाळ खाल्ली, मग आणखी वाटीभर.

"बरी आहे," ते म्हणाले. "पण बाजारची ती बाजारचीच. आपल्या मंजीराला हिच्यापेक्षा धार असणार."

"असेल," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वर गेले तर काका रजिस्टर घेऊन बसले होते. हिरवा दोरा गायब. खारीच्या नावावर नोंद झाली होती, दिनांक, अंदाजे वजन, सगळं. मग त्यांनी मागच्या वर्षांची पानं उलटून मला दाखवली. बऱ्याच दिवसांच्या निरीक्षणातून त्यांनी एक निष्कर्ष काढला होता आणि लाल शाईने खाली दोन रेघा ओढल्या होत्या: 'खारींचा उपद्रव वर्षभर किरकोळ. चैत्र शुद्ध तृतीयेनंतर अचानक वाढतो. कारण अज्ञात.'