खड्डा : एक सार्वजनिक ठेव

परभणी जिल्ह्यातील काळ्या मातीचे, म्हणजे पावसात फुगणाऱ्या व उन्हात भेगाळणाऱ्या जमिनीचे, नगरविकासावरील उपकार अद्याप पुरेसे नोंदले गेलेले नाहीत. कारण जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत ही माती रस्ता जितक्या तत्परतेने उखडते, तितका निधीचा प्रस्ताव सबळ होतो. नगरोत्थान महाअभियान या, शहरांना पायाभूत सुविधांसाठी अनुदान देणाऱ्या राज्य योजनेसाठी सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे रस्त्याआधीचा कागदी रस्ता, सादर करावा लागतो, आणि तो मात्र कधीच खचत नाही. या न्यायाने लहान नगरपालिकेने खड्डे बुजवणे ही आर्थिक बेशिस्तच ठरते. उलट जुन्या खड्ड्यांना वारसा दर्जा देऊन त्यांच्या जतनासाठी जिल्हा नियोजन समितीकडे स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचे अधिकृत खाते, मागणे शहाणपणाचे होईल. पावसाळ्यात त्यांची नोंद जलसंधारणातही करता येईल, आणि मराठवाड्यात हा लाभ किरकोळ नव्हे. पाहणी पथकाला रस्त्याअभावी शहरात पोहोचता आले नाही, तर स्थळपाहणी समाधानकारकरीत्या पूर्ण झाली असे समजण्यात यावे. निधी खर्ची टाकण्याची मुदत अर्थातच 31 मार्च राहील.