पाहण्यासारखं काही नाही

महाबळेश्वरनंतर महाराष्ट्रातलं थंड हवेचं ठिकाण म्हणजे तोरणमाळ, असं आमच्या नंदुरबार जिल्ह्यातला कोणीही छातीठोकपणे सांगतो. सांगणाऱ्यांपैकी निम्मे महाबळेश्वरला गेलेले नसतात आणि उरलेले तोरणमाळला.

मे महिन्यात आमच्याकडे पंखा लावला की गरम हवा फिरते आणि बंद केला की ती एका जागी थांबते. अशा दिवसांत घरात तोरणमाळचा ठराव पास झाला. गाडीत आबा, आत्या, बायको, दोन पोरं, वांग्याच्या भरिताचा डबा, कळण्याच्या भाकरी, शेवेची पिशवी आणि आत्याचा स्वेटर. पोरांनी एक स्पीकरही घेतला होता. जंगलात शांतता असते, असं कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं असावं.

तापीकाठी प्रकाशाला थांबणं भाग होतं. काशीची यात्रा केली तरी प्रकाशाला आल्याशिवाय ती पुरी होत नाही, असं आबांचं म्हणणं. आबा काशीला गेलेले नाहीत, पण शेवटचा टप्पा त्यांनी अनेकदा पूर्ण करून ठेवलेला आहे. फक्त सुरुवात राहिली आहे.

पुढे शहादा, म्हसावद, राणीपूर. ऊस, केळी, पपई मागे पडली आणि सातपुडा समोर उभा राहिला. शहाद्यापासून तोरणमाळ पंचावन्न किलोमीटरच्या आसपास. शेवटी सातपायरीचा घाट लागतो. वर पोहोचल्यावर खाली पाहिलं की रस्त्याची वळणं एकाखाली एक पायऱ्यांसारखी दिसतात. चढताना मात्र त्या पायऱ्या प्रत्येकाला आपापल्या पोटात मोजाव्या लागतात. धाकट्यानं चौथ्या पायरीलाच शेव परत केली. आत्यानं तेवढ्यात स्वेटर चढवला. गाडीतल्या काचेवर वाफ धरली होती, ती थंडीची नव्हती.

आबा निवृत्त इतिहास शिक्षक. त्यांच्या निवृत्तीचा लाभ शाळेला झाला, आम्हाला नाही. अक्राणी तालुक्यातलं हे पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून उंच, इथे जुन्या तटबंदीचे अवशेष, इथला युवनाश्व राजा महाभारत युद्धात लढला अशी आख्यायिका, हे सगळं त्यांनी उतरायच्या आत सांगून टाकलं.

"कोणाच्या बाजूनं लढला?" थोरल्यानं विचारलं.

आबांनी चष्मा पुसला. "भरीत काढा," म्हणाले.

मग अश्वत्थामा निघाला. याच तालुक्यात अस्तंभ्याचं शिखर आहे. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत अश्वत्थामा त्या डोंगरात फिरतो, अशी श्रद्धा. धनत्रयोदशीच्या सुमाराला तिथे यात्रा भरते, माणसं रात्री डोंगर चढतात. आत्यानं हे शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "इतक्या माणसांतून कोणी त्याला एक बाटली देत नाही का?" हा प्रश्न व्यासांनाही सुचला नव्हता.

गोरखनाथाचं मंदिर झालं. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा असते. मध्य प्रदेश आणि गुजरातेतूनही भाविक येतात, त्यांतले कितीतरी पायी. आम्ही गाडीतून उतरून देवळापर्यंत गेलो, तरी बायकोनं दोनदा पाय चेपले. मच्छिंद्रनाथाची गुहाही पाहिली. गुहेत गारवा होता. आत्या एवढी खूश झाली की तिला बाहेर काढायला नातवंडं पाठवावी लागली.

मग सीताखाई. दरी खोल आणि खरोखर देखणी. पण पोरांनी मोबाइलवर इथला धबधबा पाहिला होता आणि समोर नुसता कातळ. शेजारी शेळ्या घेऊन एक पावरा मुलगा उभा होता.

"पाणी कुठं रे?" आबा.

"पावसाळ्यात येतं, बाबा."

"मग आता?"

"आता पावसाळा नाही ना."

पर्यटनाची एवढी नेमकी माहिती मला कुठल्याही फलकावर मिळालेली नाही.

थोरल्यानं तेवढ्यात मोबाइल वर धरला. मध्य प्रदेशात आपलं स्वागत असल्याचा निरोप आला होता. सीमा इथून जवळच. आबा त्या निरोपावर इतके चिडले की संयुक्त महाराष्ट्राचा लढा त्यांनी कड्यावर उभं राहून पुन्हा सुरू केला.

संध्याकाळी यशवंत तलावाच्या काठी बसलो. वारा सुटला. आत्याचा स्वेटर अखेर न्यायाला धरून होता. शेजारी नाशिककडची एक मंडळी होती. त्यांतल्या गृहस्थांनी तलाव, झाडी, डोंगर यांवरून नजर फिरवली आणि निकाल दिला, "पाहण्यासारखं काही नाही." मॉल रोड नाही, मक्याची कणसं नाहीत, घोडे नाहीत. आमच्याकडचा एक जण मागून बोललाच, "आठे देखाले काय शे?" पाहुणे आणि यजमान यांचं एवढं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं.

मला विचाराल तर तोरणमाळ अजून तोरणमाळ राहिलंय, ते याच निकालाच्या कृपेनं. माणसानं हाक मारली की दरीतून हाक परत येते, तिच्यात दुसऱ्याची गाणी मिसळत नाहीत. आमचा स्पीकर वाजला नाही. त्याला चार्जिंगच नव्हतं. हा गृहखात्याचा हलगर्जीपणा नसून बायकोचं नियोजन होतं, असं मला नंतर कळलं.

परतीच्या वाटेवर पाड्यांच्या अंगणांत कैऱ्यांच्या फोडी वाळत घातलेल्या होत्या. धडगावच्या आमचुराची ही सुरुवात. आत्यानं गाडी थांबवून आमचूर घेतला आणि भाव केला नाही. आमच्या घराण्याच्या इतिहासात याची नोंद व्हायला हवी.

जायचं असेल तर श्रावणात जा, तेव्हा सीताखाईला पाणी असतं. पेट्रोल शहाद्यातच भरा, घाटात धाकट्याला शेव देऊ नका आणि स्पीकर घरी ठेवा.